सोमवारच्या वत्सलाक्का

वत्सलाक्कांच्या पिझ्झेरियात मेनूकार्ड टेबलावर असे, पण ते उघडायच्या आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागे. अक्का हातातलं फडकं खांद्यावर टाकून समोर उभ्या राहत आणि विचारत, "भूक किती आहे?" नवं गिऱ्हाईक गोंधळून हसे. अक्का हसत नसत. भूक किंचित आहे, बरी आहे की फार आहे, दुपारी काय जेवलात, हे नीट कळल्यावरच कोणता पिझ्झा आणि किती, ते त्या सांगत. कॉलेजातल्या चार मुलींनी एकदा माझ्यासमोर चार मोठे पिझ्झे मागितले होते. अक्का दोनच घेऊन आल्या. "हे संपवा," त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "मग मी पुन्हा विचारायला येते." मुलींना तिसरा लागला नाही.

मेधाची, म्हणजे माझ्या बायकोची, बँकेतली बदली मिरजेहून तंजावूरला झाली आणि आम्ही तिच्यामागून तिथं गेलो. मी पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासतो. ते काम कुठंही बसून होतं, त्यामुळे घर आणि स्वयंपाक माझ्याकडं होता. सई तेव्हा सहा वर्षांची होती. पहिल्याच शनिवारी तिला पिझ्झा हवा झाला आणि विचारत विचारत आम्ही राजवाड्यामागच्या गल्लीत पोचलो. जुन्या घराचा पुढचा ओटा, त्यावर पाच टेबलं, आणि मागच्या अंगणात पत्र्याखाली विटांची घुमटासारखी भट्टी. भट्टीशी अक्कांचे धाकटे भाऊ केशवण्णा असत. त्यांनी इटलीत नापोलीजवळच्या एका स्वयंपाकघरात बरीच वर्षं काढली होती. पाठ धरल्यावर ते परत आले आणि ही भट्टी त्यांनी स्वतः बांधली. ते जवळजवळ बोलतच नसत. त्यांच्या वाटचं अक्का बोलत.

सई माझ्या कानाशी लागून म्हणाली, "बाबा, इथं हातानं खाल्लं तर चालतं का?" अक्का जाता जाता थांबल्या.

"मराठी-आ? कोणे गावचे?"

"मिरजेचे."

"आम्ही इथलेच, मराठी राजांच्या वेळेपासूनचे. हातानंच खा, पापा. इटलीतही हातानंच खातात करून माझा भाऊ सांगतो."

अक्कांच्या मराठीत 'मला'च्या जागी 'मज' होतं, 'उद्या'च्या जागी 'उदईक', 'म्हणून'च्या जागी 'करून', लहान मुलाला तमिळमधलं 'पापा', आणि प्रश्नाच्या शेवटी तमिळसारखा 'आ' ओढलेला. पोथ्यांत वाचलेले शब्द कुणीतरी तोंडानं, तेही चीज आणि टोमॅटोबद्दल, सहज वापरत होतं. मी खाणं विसरून ऐकत राहिलो. कुंडीतली पानं खुडून त्यांनी सईच्या ताटलीत टाकली तेव्हा मी विचारलं, "तुळस?" त्या म्हणाल्या, "शेजारच्या मामीही असंच समजून भांडायला आल्या होत्या. ही सब्जाची जात. तुळशीची चुलत बहीण म्हणा."

पिझ्झेरियात येण्याआधी अक्का मुलींच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होत्या. नोकरी संपली, पण सवयी तशाच राहिल्या. मैदा, पाणी, यीस्ट, सगळं तराजूवर. "अंदाजानं सांबार होतं. पिठास अंदाज कळत नाही," असं त्या म्हणत. प्रत्येक दिवसाचं पीठ कसं निघालं ते एका वहीत लिहीत. देवनागरी त्यांना वाचता येत नव्हती, त्यांच्या घरात कुणालाच येत नव्हती. त्या मराठी लिहीत, पण तमिळ अक्षरांत. तमिळमध्ये 'क' आणि 'ग' एकाच अक्षरात बसतात, त्यामुळे त्या वहीत 'काय' आणि 'गाय' सारखंच दिसे. पीठ बिघडलं त्या दिवशीची नोंद त्या जास्त मन लावून करत. "चुकलं तें आधी लिहावं. बरं झालेलं कसंही आठवतं," त्या मला म्हणाल्या होत्या.

वर्षभर आमचा शनिवार तिथं जात होता. मग सईची तब्येत उतरत गेली. पोट फुगलेलं, हातपाय काटकुळे, शाळेचा जिना चढताना मध्येच बसायची. पोटदुखी तर रोजची. जंत झाले, ऋतू बदलला, पाणी मानवलं नाही, असं म्हणत आम्ही काही महिने घालवले. शेवटी तिरुचीच्या डॉक्टरांनी तपासण्या करून निदान सांगितलं. गव्हातलं ग्लूटेन तिच्या आतड्याला सोसत नव्हतं. पोळी, पाव, रवा, शेवया, बिस्किटं, सगळं बंद, आणि आयुष्यभर बंद.

"तुम्ही तांदळाच्या मुलखात आहात, काय अडतंय?" असं सगळे म्हणायचे, आणि ते खरंही होतं. इडली होती, डोसा होता, भात होता. सईनं तक्रार केली नाही. फक्त शनिवारी बाहेर पडलो की ती राजवाड्यामागची गल्ली टाळायला लावायची, कारण भट्टीचा वास रस्त्यापर्यंत यायचा. तिनं एकदाच विचारलं, "मोठी झाल्यावर पण नाही?" मी नाही म्हणालो.

अक्का मला भाजीबाजारात भेटल्या. एका हातात टोमॅटोची पिशवी होती, दुसऱ्या हातानं त्यांनी माझी सायकल धरली.

"तीन शनिवार झाले, आला नाहीत. माझ्याकडचं काही वाईट लागलं-आ?"

मी सगळं सांगितलं. माझं संपल्यावर म्हणाल्या, "तांदूळ चालतो न?"

"चालतो."

"मग दोन महिने द्या मज."

ते दोन महिने मी जवळून पाहिले, कारण चव घेण्याचं काम माझ्याकडं आलं. तांदळाच्या पिठाला ताण नसतो. पहिला पिझ्झा विटेसारखा झाला. दुसरा ताटलीतून उचलताच भुगा होऊन पडला. अक्कांनी कच्चा तांदूळ वापरून पाहिला, उकडा पाहिला, इडलीचा पाहिला. एक दिवस मी सहज म्हणालो, की आमच्याकडं मोदकासाठी पीठ उकळत्या पाण्यात शिजवून उकड काढतात. अक्कांनी हातातलं पीठ खाली ठेवलं. "कोळुकट्टैला आम्हीही तसंच करतों," त्या म्हणाल्या, "आणि मी महिनाभर थंड पाण्यात झगडतें आहे." त्या दिवसापासून पीठ सुधारलं. थोडं पीठ उकडून घ्यायचं, उरलेलं कोरडं, आणि सगळं धरून ठेवायला इसबगोल. हे पीठ हातावर पसरत नसे, म्हणून लोखंडी तव्यात थापायचं आणि तवाच भट्टीत सारायचा.

पण त्याहून अवघड काम साफसफाईचं होतं. "मैदा उडतो," अक्का म्हणाल्या. "दिसत नाही म्हणून नाही, असं होत नाही." पिझ्झेरिया सोमवारी बंद असे. रविवारी गिऱ्हाईक गेलं की त्या टेबलं, फरशी, भिंती हात पुरेल तिथवर धुवून काढत. तांदूळ घरीच दळत, कारण गल्लीतल्या गिरणीत गहूही पडतो. पीठ खाली मळायचंच नाही, माडीवरच्या स्वयंपाकघरात मळायचं. तिथं मैद्याच्या साडीनं पाऊल टाकायचं नाही, असा त्यांनी स्वतःलाच नियम घातला होता.

एका सोमवारी दुपारी त्यांनी सईला बोलावलं. रिकाम्या ओट्यावर आम्ही तिघंच होतो. सईनं एक घास खाल्ला आणि हळूच म्हणाली, "हा पिझ्झा नाही."

मी तिला दटावणार होतो. अक्कांनी हातानंच मला थांबवलं आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. "काय नाही यांत, नीट सांग."

"कडा फुगली नाही. आणि चावताना ओढावं लागत नाही."

अक्कांनी वही काढून ते लिहून घेतलं. पुढच्या सोमवारी कडा थोडी फुगली. त्याच्या पुढच्या सोमवारी, आणि त्याच्याही पुढच्या. पाचव्या की सहाव्या सोमवारी सई काहीच बोलली नाही. शेवटच्या तुकड्यापर्यंत खाली मान घालून खात राहिली, आणि केशवण्णा भट्टीशेजारून उठून फक्त ते पाहायला आले.

इथवर गोष्ट सोपी होती. सहा महिन्यांनी आम्ही सईला पुन्हा तिरुचीला नेलं आणि रक्ताचा अहवाल जवळजवळ पहिल्यासारखाच आला. वजन तेवढंच. पोटदुखी चालूच. डॉक्टर म्हणाले, "गहू कुठून तरी जातो आहे. बाहेर खाते का?" बाहेर ती एकाच ठिकाणी खात होती.

परत येताना बसमध्ये माझ्या डोक्यात ते एकच वाक्य फिरत होतं. मेधा आणि सईला घरी पाठवून मी थेट पिझ्झेरियात गेलो. अक्का तवे पुसत होत्या. मी सांगितलं ते नीट सांगता आलं असतं. पण मुलीचे काटकुळे हात रोज बघणारा माणूस नीट बोलत नाही. मी म्हणालो, "तुमच्याशिवाय ती कुठंच खात नाही, अक्का. हे तुमच्याकडूनच होतंय. माझी मुलगी म्हणजे तुमची प्रयोगशाळा नव्हे."

केशवण्णांनी भट्टीकडून वळून पाहिलं. अक्कांनी हातातला तवा पुसून पुरा केला आणि जागेवर ठेवला.

"माझ्याकडून असेल," त्या म्हणाल्या. "नसेल करून मी कशी सांगूं? आधी माझं घर तपासतें. आठ दिवस द्या. तोवर पापास आणूं नका."

त्या आठ दिवसांत काय झालं ते केशवण्णांनी मला पुष्कळ नंतर सांगितलं. अक्कांनी माडीवरचं स्वयंपाकघर रिकामं केलं. चीज, यीस्ट, टोमॅटो, मीठ, इसबगोल, जे जे सईच्या पिझ्झ्यात जात होतं, ते कुठून येतं तिथवर जाऊन विचारून आल्या. दळायचं भांडं सुटं करून त्याच्या फटी सुईनं साफ करून पाहिल्या. रागाचा एक शब्द त्यांनी काढला नाही. मी बोललेलं त्यांनी भावाशीसुद्धा पुन्हा काढलं नाही.

नवव्या दिवशी, रविवारी सकाळी, त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या. प्रयोगशाळेतलं एक जुनं भिंग पिशवीतून आणलं होतं.

"माझ्याकडं सापडलं नाही. आतां तुमचं बघूया-आ?"

मेधानं फरशीवर वर्तमानपत्र पसरलं आणि मी डबे काढत गेलो. खरं सांगायचं तर मला ते आवडलं नव्हतं. माझ्या स्वयंपाकघरात गव्हाचा कण नाही, याची मला खात्री होती. अक्का एकेक डबा उघडत, वास घेत, पाकीट असेल तर त्यावरचं बारीक अक्षर भिंगातून वाचत. मग त्यांनी सईचा दिवस विचारला. सकाळी उठल्यापासून काय काय पोटात जातं, पाणीसुद्धा सांगा, म्हणाल्या. मी सांगत गेलो. इडली, चटणी, सांबारभात, दहीभात.

"आणि पोट दुखतं तेव्हां?"

"ताकात हिंग घालून देतो. जास्त दुखलं तर दोनदा."

अक्कांनी हात पुढं केला. "हिंग आणा."

पिवळी प्लॅस्टिकची डबी, तिथं घरोघरी असते तशी. मी सांबारात घालत होतो, रसमात, चटणीच्या फोडणीत, ताकात. अक्कांनी ती डबी उजेडाकडं फिरवली आणि भिंग जवळ धरलं. वाचायला त्यांना वेळ लागला. मग इंग्रजीतले शब्द एकेक करून मराठीत म्हणाल्या, "डिंक. गव्हाचं पीठ. मग हिंग."

मी भिंग घेतलं. माझं पोट बारीक अक्षरांवर चालतं. एका काना-मात्रेसाठी मी लेखकांना फोन करतो. आणि ही डबी मी दर महिन्याला विकत घेत होतो, मुलगी कळवळली की त्यातलीच चिमूट तिला औषध म्हणून पाजत होतो, आणि त्यावरची ओळ एकदाही वाचली नव्हती. मी तिथंच फरशीवर टेकलो.

"अजून बसूं नका," अक्का म्हणाल्या. "डबी बाहेर ठेवा. सांबारपूड टाका, तिच्यांतही तेंच असेल. फोडणीचे चमचे उकळत घाला. मग बसा."

आम्ही तसं केलं. मेधानं कॉफी केली. कॉफी पिताना मी म्हणालो, "अक्का, त्या दिवशी मी जे बोललो..."

"बापानं बोलायलाच हवं," त्या म्हणाल्या. "तुम्ही कांही न सांगतां येणं बंद केलं असतं, तर हे डबे कोणी काढले असते?" मग पेला खाली ठेवून उठल्या आणि साडी खोचली. "हिंगाशिवाय सांबार होतं. करून दाखवतें."

त्यांनी खरंच करून दाखवलं. मेथीदाणा थोडा जास्त भाजायचा आणि लसूण ठेचून घालायची. त्यांच्या घरात पूर्वी लसूण चालत नसे, असंही त्यांनी ढवळता ढवळता सांगितलं.

पुढच्या तीन महिन्यांत सईच्या गालांवर मांस आलं. शाळेच्या जिन्यावर ती थांबेनाशी झाली. एक दिवस तिचे शाळेचे बूट पायात जाईनात. मेधा ते बूट मांडीवर घेऊन पलंगावर बसली आणि रडली. बूट लहान झाले म्हणून रडणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही. तिरुचीच्या डॉक्टरांनी नवा अहवाल दोनदा पाहिला आणि हिंगाचं सगळं लिहून घेतलं. मग त्यांच्याकडचे आणखी काहीजण सोमवारी पिझ्झेरियात येऊ लागले. पट्टुक्कोट्टैची एक परिचारिका यायची. ओरत्तनाडूहून वेलुसामी नावाचे एक निवृत्त बसकंडक्टर यायचे. साठी उलटल्यावर त्यांना हा आजार कळला होता आणि वर्षभर त्यांनी घराबाहेर घास घेतला नव्हता. अक्का पहिल्या भेटीत प्रत्येकाला सांगत, "पुढच्या वेळेस घरचे डबे घेऊन या." सोमवारी ओट्यावर एका बाजूला जेवण आणि दुसऱ्या बाजूला भिंग चाले.

चार वर्षांनी मेधाची बदली नाशिकला झाली. निघण्याआधीच्या सोमवारी अक्कांनी सईला माडीवर नेलं आणि पीठ तिच्याकडून मळून घेतलं. स्वतः खाली येऊन आमच्याबरोबर टेबलाशी बसल्या. इतक्या वर्षांत त्यांना बसून जेवताना मी प्रथमच पाहत होतो. सईनं तवा आणून ठेवला. अक्कांनी एक तुकडा खाल्ला, चावला, गिळला.

"मीठ विसरलीस," त्या म्हणाल्या.

सईचा चेहरा पडला. अक्कांनी दुसरा तुकडा घेतला. "कडा मात्र माझ्याहून बरी आली," असं म्हणून तो आळणी पिझ्झा त्यांनी सावकाश संपवला. निघताना आभार मानायचं मी ठरवून गेलो होतो. दारात उभा राहून मी सुरुवात केली, तर त्या म्हणाल्या, "सामानाचे नग मोजलेत-आ? मोजून चढवा." आणि आत वळल्या.

पुढच्या मार्गशीर्षात केशवण्णांचा फोन आला. सकाळी न्हाऊन अक्का ओट्यावर केस वाळवत बसल्या होत्या, आणि तशाच गेल्या. फोनवर केशवण्णा याहून जास्त बोलले नाहीत. आम्हाला रजा आणि तिकिटं मिळून तंजावूरला पोचेपर्यंत तेरावाही होऊन गेला होता.

आम्ही दुपारी त्या गल्लीत शिरलो. घर बंद असेल, शेजारी विचारावं लागेल, अशी मनाची तयारी होती. पण पत्र्यावरून धूर जात होता. ओट्यावर परिचारिका होती, वेलुसामी होते, आणखी दोन टेबलांवर मी न पाहिलेली माणसं होती. केशवण्णा भट्टीसमोर वाकून लाकडं सारत होते. आम्हाला पाहून त्यांनी हात पुसले आणि सईच्या डोक्यावर ठेवले.

"दुकान कधी उघडलंत?" मी विचारलं.

"आज."

"सोमवारी?" मला नवल वाटलं. गर्दी शनिवारची. बंद पडलेलं दुकान उघडायचं तर कुणीही शनिवारी उघडेल.

"शनिवारची माणसं कुठंही जेवतील," केशवण्णा म्हणाले. "यांस दुसरं ठिकाण नाही."

मग त्यांनी तव्याकडं बोट दाखवलं. पीठ मध्येच तडकलं होतं. भट्टी त्यांची होती, पण तांदळाचं पीठ त्यांनी कधी मळलं नव्हतं. सईनं पाठीवरची पिशवी माझ्याकडं दिली. नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, चपला जिन्याशी काढल्या आणि माडीवर गेली. केशवण्णा तिच्यामागून गेले. बऱ्याच वेळानं दोघं मिळून तवे घेऊन खाली आली.

वेलुसामींनी पहिला घास घेतला आणि ताटली जवळ ओढली. अक्कांबद्दल बोलायला त्या दिवशी सगळेच आले होते. पण ताटल्या रिकाम्या होईपर्यंत कुणीच बोललं नाही. सगळ्यांची तोंडं भरलेली होती.